लालीबाईचं बोट

तांड्याच्या मुखियाच्या, नेमसिंग नाईकाच्या अंगणात डफावर थाप पडली आणि लालीबाईनं तव्यावर टाकलेली भाकर दुमडून पडली. ती तशीच उलथत तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली.

"राखी! वं राखी! बाकीच्या पोट्ट्या माती आनाले निंगाल्या, आन तू आरशात कायले शिरून बसली?"

"याडी, वेनी तं घालू दे!" लेक आतून म्हणाली.

"वेनी पाहून गहू उगवत नाई."

"तुह्या वरडन्यानं उगवते का मंग?" राखी हसत बाहेर आली. यवतमाळच्या दवाखान्यात नर्स होती ती. रजा काढून खास तीजेसाठी तांड्यावर आली होती. दवाखान्यातल्या पांढऱ्या कपड्यांतली पोर आज घागरा घालून, आईची जुनी आरसेवाली ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती. लालीबाईनं कानशिलावर बोटं मोडली आणि पोरीच्या हातात टोपली कोंबली.

श्रावणातली तीज म्हणजे तांड्यातल्या कुवार पोरींचं राज्य. पोरींनी वारुळाची माती आणायची, तीत लेंड्यांचं खत कालवायचं, पळसाच्या पानांनी मढवलेल्या दुरड्यांत भिजवलेले गहू पेरायचे. दुरड्या नाईकाच्या अंगणातल्या मांडवात मांडायच्या आणि गोकुळाष्टमी होईस्तोवर तिन्ही वेळा गाणी म्हणत पाणी घालायचं. तेवढे दिवस पोरींच्या जेवणात मीठ नाही. दुरडीला हात लागायचा तो फक्त त्यांचाच. लग्न झालेल्या बाईनं लांबून पाहावं, गाण्यात सूर मिसळावा, डोळे पुसावे. बोट लावू नये.

राखीची ही शेवटची तीज ठरावी, असं लालीबाईनं मनात धरलं होतं. घाटंजीच्या एसटीतला कंडक्टर राजकुमार पोरीच्या मनात होता, पोरगी त्याच्या मनात होती, दोन्हीकडचे बाप राजी होते. अडून होती ती त्याची आई. "तीज होऊ द्या," म्हणाली होती, "तीज पाहू आन मंग सांगू." आणि ती पाहायला तिला यायचीही गरज नव्हती. तिची नणंद, राजकुमारची आत्या बसंतीबाई, याच तांड्यात नांदत होती. गालात तंबाखूची गोळी, डोळे घारीचे. मांडवाच्या खांबाला टेकून ती रोज हजर.

पेरणीच्या दुपारी बोरीच्या काट्यांचा खेळ रंगला. पोरींनी भिजवलेले हरभरे बोरीच्या काट्यांवर खोचायचे आणि नात्यातल्या पोट्ट्यांनी फांदी गदागदा हलवायची. राखीच्या मैत्रिणीच्या, प्रेरणाच्या बोटातून रक्त निघालं तशी ती फांदी हलवणाऱ्यावरच धावून गेली.

"तुह्या हाताले लकवा मारो!"

"मारला तं राखीबाई सुई देईन!" पोट्टा दात काढत म्हणाला.

"माही सुई लय जाड हाये," राखी मान वर न करता म्हणाली आणि फांदी नाचत असताना तिनं नेमका हरभरा खोचला. अंगण खदखदलं. बसंतीबाईही हसली. लालीबाईनं ते हसू टिपलं आणि लगेच मनातल्या मनात जगदंबेला बजावलं, आई, पाह्यलं ना? आता लवकर कर.

गहू पेरताना मात्र राखीनं आपल्याच मनाचं केलं. बाकीच्या पोरींनी गहू वर पसरून चिमूट-चिमूट माती भुरभुरली. राखीनं दाणे टाकले आणि वरून माती अशी घातली की प्रेरणा म्हणाली, "पेरून राह्यली का पुरून राह्यली?"

"बापू म्हनते, दाना ओलीत गेला पाह्यजे."

"बापू वावरात म्हनते वं, दुरडीत नाई."

*

लालीबाईचे नेम पुष्कळ होते. पहाटे आंघोळ, तांड्याचा संत सेवाभाया, त्याच्या फोटोपुढं दिवा, दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मंगळवारी जगदंबेचा उपास. हे तिच्या आईपासून आलेलं. राखीचं जमवायचं म्हटल्यापासून त्यात भर पडत गेली. पहिल्यांदा चहा सोडला, मग गूळ, मग पायातली चप्पल. श्रावणाच्या चिखलात अनवाणी निंदण करून पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. रात्री त्या ठणकत आणि ती देवीला म्हणे, पाय हे असे झाले, अजून किती पाहतेस?

"तू नेम नाई धरत," तिचा नवरा लखीराम म्हणायचा, "तू देवीच्या दारात धरनं धरते."

"तुमी गप ऱ्हा. तुमाले काई पडलं नाई."

"पडलं नाई कसं? पन देवीलेबी दुसरे कामं असतीन ना."

पाऊस भुरभुर लागून होता. मांडवात ऊब धरली होती. आणि एका सकाळी नाईकाच्या अंगणातून पोरींचा असा गलका उठला की लालीबाई हातातला शेणाचा गोळा तसाच घेऊन धावली. दुरड्यांतून कोंब वर आले होते, पिवळसर, तकतकीत. प्रेरणाची दुरडी तर उंदराच्या पिल्लाच्या पाठीसारखी लवलवत होती. पोरी एकमेकींना मिठ्या मारत होत्या, डफ वाजवत होत्या.

राखीच्या दुरडीत माती होती. नुसती माती.

"येईन," राखी म्हणाली आणि झारीनं हळूच पाणी घातलं.

"येईन, येईन," बसंतीबाई खांबापासून म्हणाली. "गव्हाले कोन थांबवते? पन सगळ्याइचं एकाच दिवशी भिजलं होतं, नाई वं?"

ते "नाई वं" लालीबाईच्या पाठीत घुसलं आणि दिवसभर निघालं नाही. कपाशीच्या तासात बसून ती विळ्यानं गवत काढत होती, पण गवताबरोबर कपाशीचंही एक रोपटं उपटून हातात आलं. पलीकडच्या तासात लखीराम तण काढायचा डवरा हाकत होता. बैलांना थांबवून त्यानं पाहिलं.

"त्या रोपट्यानं काय केलं वं तुहं?"

"मातीच हाये तिच्यात. नुसती माती."

"दाना खोल पडला असन. निंगन."

"कवा निंगन? तीज उठल्यावर?"

"त्याच्या मनात येईन तवा," लखीराम म्हणाला आणि बैलांच्या पाठीवर कासरा हलकेच आपटला. ओल्या मातीतून डवऱ्याची पास सरसरत निघाली. लालीबाईला त्या क्षणी नवऱ्याच्या पाठमोऱ्या सदऱ्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशीही माती. तिसऱ्या दिवशी प्रेरणाची तीज (दुरडीतल्या गव्हालाही तीजच म्हणायचं) चार बोटं वाढली आणि राखीची दुरडी पाहायला शेजारच्या तांड्यावरच्या बायाही येऊन गेल्या. विहिरीवर कुणी तरी म्हणालं, "शिकलेल्या पोट्टीच्या हाताले दवाईचा वास असते, उगवन कसं?" राखीनं ते ऐकलं. घागर डोक्यावर चढवली आणि सगळ्यांत पुढं गाणं धरलं. आवाज एवढा मोकळा की लालीबाईला वाटलं, हिला समजून राहिलंय की नाही?

*

पाऊस उघडला. कोवळं नाही, चांगलं खरपूस ऊन पडलं आणि तांड्याचा तांडा वावरात पांगला. लालीबाई दुपारी प्यायचं पाणी आणते म्हणून तासातून उठली. पाण्याची विहीर एका अंगाला, नाईकाचं घर दुसऱ्या अंगाला. पाय कुठं वळले ते तिला कळलं. कळूनही तिनं ते वळू दिले.

अंगणात कुणी नव्हतं. नाईकाचं म्हातारं कुत्रं पडवीत झोपलं होतं, त्यानं एक डोळा उघडून मिटला. मांडवात गार होतं. ओल्या मातीचा, लेंड्यांचा, कोवळ्या गव्हाचा वास कोंदला होता. राखीची दुरडी कोपऱ्यात.

"आई," लालीबाई पुटपुटली, "हात नाई लावत. निस्ती पाहतो."

पाहिलं. माती. कडेला एक बारीक भेग. ती आणखी वाकली. भेगेत काही आहे का? डोळा बारीक करून पाहिलं, दिसेना. मग बोट टेकवलं. मग बोट आत गेलं.

नख बुडेपर्यंत गेलं आणि कशाला तरी लागलं. मऊ. गार. जिवंत. ती उकरत गेली, एक बोट, दोन बोटं, आणि मातीच्या आत पांढरेशुभ्र, जाडजूड कोंब, माना वाकवून वर निघालेले, एकाला एक लागून! नखभर माती राहिली होती त्यांच्या डोक्यावर. नखभर!

"आलं वं माय!" तिच्या तोंडून निघालं. आनंदानं तिचे डोळे भरले. तिनं हात वर घेतला आणि मग पाहिलं, बोटांत कोंब होते. मुळापासून मोडलेले. चार नाही, दहा नाही, मूठभर.

तिनं ते परत खोचायला घेतले. कांद्याचं रोप लावतात तसे एकेक भोक पाडून लावले. ते आडवे पडत गेले. माती सारखी केली, थोपटली, पुन्हा थोपटली आणि पदराखाली हात लपवून ती पळाली. पाण्याची कळशी रिकामीच घेऊन वावरात आली.

"पानी?" लखीराम म्हणाला.

लालीबाई कळशीत पाहत राहिली.

त्या सांजेला दिवा लावून तिनं हात जोडले. जोडल्या हातांत ते बोट डोळ्यांसमोर उभं राहिलं, नखात काळी माती. रोज देवीला सांगायला तिच्याकडं ढीगभर असायचं. आज काही सुचेना. गूळ सोडला होता, चहा सोडला होता, चप्पल सोडली होती. एवढं सगळं सोडून घाई तेवढी घट्ट धरून ठेवली होती, हे तिचं तिलाच दिसलं. दिव्याची वात सारखी करून ती उठली. काही मागितलं नाही.

*

"राखी! वं राखी! पाह्य इकडं!"

प्रेरणा ओरडत आली ती दारातल्या बकरीवरून उडी मारून. राखी तोंडावर पाणी मारत होती, तशीच ओल्या तोंडानं धावली. लालीबाईही धावली, चिखल्यांचे पाय विसरून.

दुरडी फुटली होती. एका रात्रीत! मातीचा अख्खा पापुद्रा डोक्यावर उचलून कोंब बाहेर आले होते, जाड, ताठ, हिरव्या टोकाचे. पोरींनी राखीला उचललं. कुणी डफ घेतला, कुणी थाळी बडवली. राखी हसत होती आणि रडत होती आणि "सोडा वं, पडन मी" म्हणत होती. लालीबाईनं मांडवाचा खांब धरला.

बसंतीबाई पुढं वाकली.

"आन हे काय वं?"

दुरडीच्या मधोमध, तळहाताएवढी जागा, भुंडी. तिथं दोन-चार वाळके कोंब आडवे पडले होते. डफ थांबला.

"उंदरानं केलं असन," प्रेरणा म्हणाली.

"उंदीर खाते. थोपटत नाई." बसंतीबाईनं तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात नेली. "उकरून पाह्यलं पोट्टीनं. धीर नाई निंगाला. आता सांगा, इवल्याशा गव्हापाशी धीर नाई, ते घर कसं धरन?"

"म्या नाई उकरलं, काकी," राखी म्हणाली.

"तुमी पोट्ट्याच हात लावता ना? मंग काय भुतानं उकरलं?"

राखी खाली बसली आणि भुंड्या जागेलाही बाकीच्याइतकंच पाणी घातलं.

लालीबाई खांबाआड सरकली. बोलावं तर लग्न झालेल्या बाईचा हात लागला म्हणून नाईक दुरडीच मांडवातून उतरवेल. आत्ता कुठं उगवलेली! न बोलावं तर... ती घरी आली आणि जात्यापाशी उगाचच बसली.

राखीनं आल्याबरोबर बिनमिठाची भाकर कुस्करून दुधात घातली आणि खायला बसली.

"तुले राग नाई येऊन राह्यला?" लालीबाईनं विचारलं.

"आला होता. पन म्या उकरलं नाई हे सेवाभायाले ठाऊक हाये. कवा ना कवा निंगन ते." आणि तिनं वाटी तोंडाला लावली.

लालीबाईला घरात बसवेना. वावरात जाऊन तिनं लखीरामचा डवरा थांबवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लखीराम आधी हसला. इतका की बैलांनी माना वळवल्या. मग बायकोचा चेहरा पाहून त्यानं कासरा आवरला.

"सांगून टाक."

"दुरडी उतरवतीन ना!"

"उतरवतीन तं उतरवतीन. पोट्टीचं नाव उतरून राह्यलं त्याचं काय?"

*

तरी सांगायला तिला तीज उठायचा दिवस उजाडला. रोज ती नाईकाच्या अंगणापर्यंत जाई आणि रोज गाण्यात सूर मिसळून परत येई. राखीची तीज मात्र दिवसागणिक चढत गेली. प्रेरणाची उंच झाली खरी, पण कंबरेतून कलली. राखीची ताठ, मधोमध ते टक्कल घेऊन.

शेवटच्या दिवशी अंगण फुललं. चुरम्याचा वास, काचेच्या बांगड्यांचा खळखळाट, पोरींच्या डोळ्यांत आत्ताच पाणी. भावांनी दुरड्या उतरवल्या. आता दुरड्यांतले थोडे थोडे तुरे खुडायचे, पहिला तुरा नाईकाच्या पागोट्यात खोवायचा. मोठी म्हणून राखी पुढं झाली. नेमसिंग नाईकानं पागोटं वाकवलं.

"तिची नोको," बसंतीबाई बायांत बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "उकरलेली तीज हाये ते. नाईकाच्या डोक्यावर शोभत नाई."

राखीचा हात हवेतच राहिला. सगळं अंगण त्या हाताकडं पाहत होतं. पोरीचा ओठ पहिल्यांदा थरथरला.

"म्या उकरलं!"

लालीबाई केव्हा उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. आवाज एवढा मोठा निघाला की पडवीतलं कुत्रं उठून बसलं.

"हे बोट. या बोटानं. पोट्टीनं नाई. दुपारी कोनी नव्हतं तवा आलती मी. मले राहवलं नाई. कोंब मोडले, परत लावून पाह्यले, थोपटले... नाईक, पाप लागन ते मले लागू द्या. दंड करा. पन तिले काई म्हनू नोका."

राखी आईकडं पाहत राहिली.

"याडी, तू?"

नेमसिंग नाईकानं पागोटं सरळ केलं. मिशीवरून हात फिरवला. तांड्याचे भलेभले तंटे त्यानं मिटवले होते, पण ओठ आवळून धरावे लागले ते आजच.

"कोन्तं बोट?"

लालीबाईनं उजवं बोट पुढं केलं.

"कोनी तरी द्या रे एक चिंधी. बांधा ते बोट. तीज पान्यात जाईस्तोवर सोडाचं नाई. आन लालीबाई, देवीले नारळ फोड. दुरडी उतरवाची होती ते तं आता उतरलीच."

हशा असा फुटला की डफाच्या कातड्यावर थरथर उठली. लालीबाईचे कान तापले. प्रेरणानंच पुढं होऊन बोटाला चिंधी गुंडाळली, चांगली जाड, गाठ मारून. लालीबाईनं मान वर केली तेव्हा समोर बसंतीबाई उभी होती. घारीचे डोळे तिच्या चेहऱ्यावर.

"म्हनजे पोट्टी थांबते," बसंतीबाई सावकाश म्हणाली, "मायले थांबता येत नाई."

"नाई येत," लालीबाई म्हणाली.

"बरं हाये. सासरी पोट्टीच जाते. माय जात नाई."

आणि ती वळून पोरींच्या घोळक्याकडं चालती झाली. नाईकानं पुन्हा पागोटं वाकवलं. राखीनं तुरा खोवला, आणि मग जो डफ वाजला!

लालीबाईच्या मनात उकळी फुटत होती. सासरी पोट्टीच जाते. म्हणजे काय? होकार की नुसता टोमणा? ओढ्याच्या वाटेनं मिरवणूक निघाली, पोरी दुरड्या डोक्यावर घेऊन नाचत होत्या, रडत होत्या, आणि लालीबाईच्या शेजारीच बसंतीबाई चालत होती. हातभर अंतर. एक प्रश्न विचारायचा फक्त. लालीबाईनं तोंड उघडलं. मिटलं. चिंधी बांधलेलं बोट मुठीत धरलं आणि गाणं धरलं.

बाभळीच्या झाडापाशी बसंतीबाईनं तिच्याकडं तिरपं पाहिलं. "काई इचारत नाई?"

लालीबाईनं मान हलवली. गाणं थांबवलं नाही.

ओढा तांबड्या पाण्यानं भरून चालला होता. पोरी गुडघाभर पाण्यात शिरल्या, गळ्यात गळे घालून रडल्या, आणि एकेक करून दुरड्या सोडल्या. बसंतीबाई काठावर चुळबुळत होती. तंबाखू थुंकली, पदर सारखा केला, पुन्हा लालीबाईकडं पाहिलं. लालीबाई पाण्याकडंच पाहत होती.

"अवं इचार ना वं, माय!" बसंतीबाई शेवटी ओरडलीच. "माह्या पोटात दुखून राह्यलं! पोळ्याच्या आंधी सोयरिकीचा गूळ खाऊ म्हनते माही भावजय. सकाळीच फोनवर बोलली. मीच म्हटलं, तीज उठू दे, मंग सांगतो!"

पोरींनी एकच गिल्ला केला. प्रेरणानं राखीला पाण्यातच घट्ट धरलं. लखीरामनं काठावरून टोपी उडवली, ती ओढ्यात पडली. लालीबाईचे डोळे गळत होते, पण ती वळली नाही. राखीची दुरडी वळणावरच्या दगडाला अडून गोल गोल फिरत होती.

"ढकला वं कोनी!" बाया ओरडल्या. "लालीबाई, तू जवळ हायेस, ढकल!"

लालीबाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"राहू द्या," ती म्हणाली. "जाईन ते."

दुरडी फिरली, तिरपी झाली, पुन्हा फिरली. काठावर सगळे माना ताणून उभे. मग वरून पाण्याचा एक लोंढा आला, दुरडी अलगद उचलली गेली आणि मधलं टक्कल आभाळाकडं करून डुलत डुलत वळणापलीकडं निघून गेली.